पत्त्यात उरलेला पब्लिक हॉल

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात उभं राहिलं की शहराची दीडशे वर्षं एका नजरेत मावतात. १९३३ चं रीगल एका बाजूला. जवळच महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय; ती इमारत मुळात खलाशांच्या मुक्कामासाठी १८७० च्या दशकात बांधली, पुढे तिथे विधिमंडळ भरलं आणि मग पोलीस आले. पलीकडे झाडांआडून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसतो. आणि त्याच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इंग्रजी नाव नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणून बोलताना सगळे त्याला ‘एनजीएमए’च म्हणतात. लोक वस्तुसंग्रहालयाच्या फाटकाकडे वळतात, गेटवेकडे जातात, आणि या इमारतीवरून नजर सरकवून पुढे निघून जातात. मीही कित्येक वर्षं तसाच पुढे जात असे.

या संग्रहालयाचा पत्ता नीट वाचावा. ‘सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, महात्मा गांधी मार्ग, फोर्ट’. संग्रहालय होऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पत्त्यात ‘पब्लिक हॉल’ तसाच आहे. आत चित्रं बघताना हे दोन शब्द मनात ठेवले तर त्या वास्तूचं बरंच काही उलगडतं. म्हणून हा मागचा इतिहास.

आधी नावाचा गुंता सोडवायला हवा, कारण मुंबईत ‘कावसजी जहांगीर’ एकच नव्हते. घराणं पारशी, मूळ नवसारीचं. अठराव्या शतकात या घरातले भाऊ चीनच्या व्यापारात होते आणि गरजू व्यापाऱ्यांना रोख रक्कम चटकन पुरवायचे. त्यावरून त्यांना ‘रेडीमनी’ नाव पडलं आणि तेच आडनाव झालं. यातले पहिले प्रसिद्ध सर कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२ ते १८७८). मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागार ज्यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून उभा राहिला, ते हेच. त्यांचे वारस जहांगीर यांना १९०८ मध्ये ब्रिटिश सरकारने बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब दिला, आणि तेव्हापासून जो कोणी त्या किताबाचा वारस होईल त्याने ‘कावसजी जहांगीर’ हेच नाव लावायचं असं ठरलं. पब्लिक हॉलचे देणगीदार हे पहिले बॅरोनेट (१८५३ ते १९३४). त्यांच्यानंतरचे दुसरे बॅरोनेटही अर्थातच सर कावसजी जहांगीर (१८७९ ते १९६२). काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी ही त्यांची देणगी, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ. एकाच घराने तीन पिढ्यांत एक दीक्षान्त सभागार, एक सभागृह आणि एक चित्रदालन या शहराला दिलं. तिन्ही जागा चालत दहा-पंधरा मिनिटांत होतात.

हॉलचं साल १९११. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम होते आणि शहरात विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था असावी हा त्यांचा आग्रह होता. तीच पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स झाली. कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मूलजी या धनिकांनी पैसा दिला. एक पारशी, एक बगदादी ज्यू, एक खोजा, एक जैन: त्या काळच्या मुंबईचा व्यापार कोणाच्या हातात होता ते या चार नावांत आलंच. संस्थेची कोनशिला १९११ मध्ये बसली, संपूर्ण संकुल पुरं व्हायला १९२० उजाडलं. सभागृह हा त्याच संकुलाचा भाग. होमी भाभा केंब्रिजला जाण्यापूर्वी याच संस्थेत शिकले, आणि पुढे कमला सोहोनी इथे संचालक झाल्या. म्हणजे ज्या भिंतीपलीकडे आज चित्रं टांगलेली आहेत तिच्या शेजारी प्रयोगशाळा होत्या, अजूनही आहेत.

वास्तुविशारद जॉर्ज विटेट. जन्म १८७८, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलचा. १९०४ मध्ये मुंबईत आला, जॉन बेगच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढची वीस-बावीस वर्षं याच शहरात राहिला. १९२६ मध्ये इथेच वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. गेटवे ऑफ इंडिया त्याचा, प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) त्याचं, आणि हा हॉलही त्याचाच. मला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. रस्त्याच्या एका बाजूला विटेटने विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट, जाळ्या, सज्जे असं सगळं दख्खनी-इस्लामी वळणाचं म्यूझियम रचलं. आणि त्याच सुमाराला, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, विज्ञान संस्था आणि हॉल मात्र युरोपीय पुनरुज्जीवनाच्या घाटात बांधले. पुराणवस्तू ठेवायच्या तर रूप हिंदुस्थानी, विज्ञान शिकवायचं आणि सभा भरवायच्या तर रूप युरोपीय. राज्यकर्त्यांच्या मनातली विभागणी त्या रस्त्याच्या दोन कडांना दगडात उतरली आहे. दगड मात्र इथलाच, मालाडकडच्या खाणींतला पिवळसर. पावसाळ्यात तो काळवंडतो, आणि डिसेंबरच्या उन्हात पुन्हा उजळतो.

हॉल बांधला तेव्हा मुंबईत मोठ्या जाहीर सभेसाठी जागा थोड्या होत्या. १८३३ चा टाउन हॉल होता, काही नाटकगृहं होती. नव्या सभागृहाची गरज खरी होती, आणि ते वापरलंही भरपूर गेलं. काँग्रेसच्या सभा इथे झाल्या. पाश्चात्त्य संगीताच्या मैफली झाल्या. येहुदी मेन्यूहिन यांचं व्हायोलिन या हॉलमध्ये वाजलं. पुढे मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांचे मेळावे, लग्नाचे स्वागत समारंभ, चामड्याच्या वस्तूंचे सेल, सगळं इथेच. या यादीतल्या शेवटच्या गोष्टी सांगताना पुष्कळांचा सूर ‘बघा, केवढी अवनती’ असा असतो. मला तसं वाटत नाही. ज्याच्या नावात ‘पब्लिक’ आहे त्या सभागृहात एका संध्याकाळी व्हायोलिन, दुसऱ्या संध्याकाळी गिरणी-गोदीतल्या माणसांचा मेळावा आणि तिसऱ्या संध्याकाळी कोणाच्या तरी मुलीचं लग्न, याहून त्या नावाला जागणं दुसरं काय असतं?

पण हॉल मागे पडत गेला हे खरं. शहर उत्तरेकडे सरकलं. १९६३ मध्ये शीवला षण्मुखानंद सभागृह आलं, १९८० मध्ये नरिमन पॉइंटला टाटा थिएटर. आवाजाची, प्रकाशाची, हवेची नीट व्यवस्था असलेली सभागृहं मिळू लागल्यावर जुन्या हॉलकडे येणारे कमी झाले. भाड्याने मिळेल त्याला द्यायचा, असं चालू राहिलं.

आता दुसरा धागा. चित्रांचा.

आधुनिक भारतीय चित्रकलेत मुंबईचं स्थान काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. स्वातंत्र्याच्या वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. या सहांमध्ये हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे ही दोन मराठी नावं होती, ती अनेकदा मागे पडतात म्हणून मुद्दाम लिहितो. या गटाचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये झालं, रॅम्पार्ट रो वरच्या आर्ट सोसायटीच्या छोट्या दालनात. त्या पिढीला चित्र दाखवायला जागा नव्हती. त्यासाठी के. के. हेब्बर यांनी आणि चित्रांचे वेडे असलेल्या होमी भाभांनी दुसऱ्या बॅरोनेटांच्या मागे लागून जहांगीर आर्ट गॅलरी करवून घेतली. ती १९५२ मध्ये उघडली.

पण जहांगीर ही प्रदर्शनाची जागा. आठवडाभर चित्रं लागतात, उतरतात, दुसऱ्याची लागतात. चित्रांचा कायमचा संग्रह, तो जपणारी यंत्रणा, आणि एखाद्या चित्रकाराच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे एकत्र बघता येईल अशी ऐसपैस जागा हे संग्रहालयाचं काम असतं. असं संग्रहालय, म्हणजे मूळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, केंद्र सरकारने १९५४ मध्ये दिल्लीत सुरू केलं. तेही जुन्या वास्तूतच: इंडिया गेटजवळचं जयपूर हाउस, म्हणजे जयपूरच्या महाराजांचा दिल्लीतला वाडा. अमृता शेरगिलची चित्रं हा त्या संग्रहाचा गाभा, आणि पहिले अभिरक्षक बडोद्याच्या संग्रहालयातून आलेले हर्मान गोएट्झ. मुंबईत रंगवलेली, मुंबईची अनेक चित्रं त्या राष्ट्रीय संग्रहात गेली. पण ज्या शहरात ती घडली तिथल्या माणसाला ती बघायची तर पंजाब मेल पकडायची, अशी स्थिती चार दशकं राहिली.

ही उणीव ज्यांना सलत होती त्यांत दोन नावं ठळक आहेत. एक शिल्पकार पिलू पोचखानवाला (१९२३ ते १९८६). भंगारातलं लोखंड, पत्रा, शिसं जोडून शिल्प घडवणाऱ्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी त्या. दुसरे केकू गांधी (१९२० ते २०१२). त्यांनी १९४१ मध्ये केमोल्ड हा चित्रांच्या चौकटींचा कारखाना काढला, चौकटी विकता विकता चित्रकारांचे मित्र झाले, आणि १९६३ मध्ये जहांगीरच्याच इमारतीत गॅलरी केमोल्ड उघडली. हॉल वाचवायचा आणि त्याचं संग्रहालय करायचं, ही कल्पना या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या कलाप्रेमींनी लावून धरली. अर्ज, भेटी, बैठका. शेवटी केंद्राच्या संस्कृती विभागाने वास्तू ताब्यात घेतली.

नूतनीकरणाला बारा वर्षं लागली आणि साडेतीन कोटी रुपये. १९९६ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. पिलूबाई ते बघायला नव्हत्या; त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. कला-इतिहासकार सरयू दोशी या सुरुवातीच्या वर्षांतल्या संचालक.

बारा वर्षांत नेमकं केलं काय, हे आत शिरल्यावर कळतं. वास्तुविशारद रोमी खोसला यांच्यापुढचा प्रश्न अवघड होता. सभागृहाची वास्तू म्हणजे आत एकच मोठी पोकळी: समोर व्यासपीठ, बाकी श्रोते. चित्रांना हव्यात भिंती, तर सभागृहात भिंती फक्त कडेला. शिवाय बाहेरचं रूप बदलायचं नव्हतं. त्यांनी आतल्या पोकळीत मजल्यांवर मजले चढवले. अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक, मधून वर जाणारा जिना, आणि सगळ्यात वर घुमटाखालचं दालन. एकूण पाच दालनं. शिवाय व्याख्यानांसाठी छोटं सभागृह, ग्रंथालय, चित्रांची साठवण.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हा जिना थक्क करतो. बाहेरून ठाशीव, चौकोनी मनाची वाटणारी इमारत, आणि आत शंखात शिरल्यासारखं आपण वळत वळत वर जातो. चित्रकाराचं सिंहावलोकनी प्रदर्शन असेल तर हे वळण फार उपयोगी पडतं: खाली विद्यार्थिदशेतली रेखाटनं, वर जाता जाता वय वाढत जातं, आणि घुमटाखाली पोचेपर्यंत उत्तरायुष्यातली कामं समोर येतात. चढताना आपला श्वासही थोडा लागलेला असतो. वरून खाली नजर टाकली की मागे सोडलेलं दालन दिसतं. सरळ रांगेतल्या खोल्यांच्या संग्रहालयात हे सुख नाही.

अडचणीही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. वळलेल्या भिंतीवर सपाट, मोठा कॅनव्हास नीट बसत नाही. काही ठिकाणी छत इतकं जवळ येतं की मोठ्या चित्रापासून हवं तेवढं मागे सरता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या रसिकाला घुमट गाठणं जड जातं. आणि हॉलची ती अखंड पोकळी, जिच्यात शेकडो माणसं एकमेकांना बघत बसत असतील, ती कायमची गेली. मला तिची हळहळ वाटते. तरीही खोसलांनी निवडलेला मार्ग मी योग्यच मानतो, कारण दुसरा मार्ग बहुधा वास्तू पडू देण्याचा होता.

उघडल्यानंतर आजूबाजूचा परिसरही कलेचा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९ मध्ये तिचा महोत्सव सुरू झाला. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच भायखळ्याला हलवलेला. नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकलं. इथे पुतळे हलवले जातात आणि नावं राहतात. २००९ मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय संग्रहालयाची तिसरी शाखा निघाली, तीही माणिक्यवेलू मॅन्शन या जुन्या हवेलीत. दिल्लीत राजवाडा, बंगळुरूत हवेली. दोन्ही खाजगी निवासस्थानं. तिन्हींत मुंबईचीच वास्तू अशी, की जी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या येण्याजाण्यासाठी होती.

या वेगळेपणाची आठवण ८ फेब्रुवारी २०१९ च्या संध्याकाळी झाली. प्रभाकर बरवे यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन उघडत होतं. बरवे (१९३६ ते १९९५) हे आपल्या चित्रकलेतलं अत्यंत एकाकी आणि स्वच्छ विचाराचं नाव: घड्याळ, पान, सफरचंद, टाचणी अशा साध्या वस्तू अवकाशात सुट्या करून मांडणारा, आणि त्याबद्दल तितक्याच नितळ मराठीत लिहिणारा चित्रकार. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. पालेकर मुळात जे. जे. चे, चित्रकार. त्यांनी बरव्यांबद्दल बोलता बोलता संग्रहालयाच्या कारभाराचा प्रश्न काढला. इथे कोणती प्रदर्शनं व्हावीत हे आजवर स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती ठरवत असे. आता ती राहिलेली नाही आणि निर्णय दिल्लीतून होणार असं कळतं, असं ते म्हणाले. व्यासपीठावरून त्यांना मध्येच थांबवलं गेलं, विषयाला धरून बोला असं सांगितलं गेलं. त्याच्या महिनाभर आधी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं. पालेकरांनी तिथेच त्याचा उल्लेख केला.

दुसऱ्या दिवशी बातम्या झाल्या, चर्चा झाली, ती बहुतेक बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दल. ती योग्यच होती. पण मला त्या प्रसंगात वास्तू दिसत राहिली. काँग्रेसच्या आणि कामगारांच्या सभा पचवलेली ती जागा. चित्रं कोणाची लागावीत, कोणी ठरवावं, या शहरातल्या कलावंतांचा त्यात हात असावा की नाही, हा प्रश्न तिथे विचारला जाणं विषयाला सोडून कसं होईल? पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी तेच तर मागत होते: मुंबईच्या चित्रांना मुंबईत घर.

त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबरात, सुधीर पटवर्धन यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत चाललं. पटवर्धन ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत चित्रं काढत राहिलेले. लोकलमधला माणूस, इराण्याकडे चहा घेणारा, बांधकामावरचा मजूर, गिरणी बंद पडल्यावरचं परळ: त्यांनी रंगवलं ते हेच जग. मेळाव्यांच्या दिवसांत हॉलच्या खुर्च्यांवर जी माणसं येऊन बसत, त्यांच्यासारखीच माणसं आता पाचही दालनांच्या वळलेल्या भिंतींवर होती. रविवारी गेलो तेव्हा गर्दी होती. एक आजोबा नातवाला एका चित्रातली पुलावरची जागा बोटाने दाखवत होते, ‘इथून आम्ही कामाला जायचो’ म्हणून. रखवालदाराने काचेपासून जरा मागे व्हायला सांगितलं, आणि मग तोही वाकून ती जागा बघू लागला.

त्यानंतर मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात मेहली गोभई यांचं प्रदर्शन उघडलं. काळ्या-तपकिरी रंगांच्या थरांतून रेषा शोधणारा हा मुंबईकर पारशी चित्रकार २०१८ मध्ये वारला होता. काही दिवसांतच टाळेबंदी आली. सबंध शहराबरोबर हॉलचेही दरवाजे बंद झाले, आणि गोभईंची चित्रं आत, जिन्याच्या वळणावळणावर, बघणाऱ्यांविना टांगलेली राहिली.